लिदीचं विरजण

पोटच्या पोराने आईला गेटवर अडवावं आणि वर तिच्या पदरावर पिवळं प्लास्टिकचं टोपलं ठेवावं, याला काय म्हणावं? निर्मलाबाईंना त्यासाठी चांगला शब्द सापडत नव्हता. वाईट शब्द त्यांच्याकडे भरपूर होते, पण समोर वॉचमन उखा उभा होता आणि त्याच्यामागे लीद गोळा करणारी हिरीबाई तिच्या आठ-दहा बाया घेऊन तोंडाला पदर लावून हसत होती.

"माय, हेल्मेटबिगर आत जाता येत नही. नियम शे," धर्मेंद्र म्हणाला.

"जन्म तुले मी दिधा का तुन्हा नियमनी?"

"माय, साहेब लोक कॅमेरामा पाहतस."

"मंग पाहू दे त्यास्ले. पाटलीन टोपलं घालीसन कशी दिसस ते."

टोपलं घालून त्या आत गेल्या. राग गिळला, कारण काम रागापेक्षा मोठं होतं. त्याच सकाळी हिरीबाई मुद्दाम घरी येऊन सांगून गेली होती, "बाई, टाकीकडे आंबट वास येस. शेणना नही, नासेल ताकना. मी धर्मेंद्रभाऊले सांगं, तर तो लॅपटॉपमा पाहत बसना."

धर्मेंद्र ज्या कंपनीत इंजिनिअर होता ती मोठी होती. समुद्राकडे तिचा कारखाना, तिथे गॅस आणि नाना तऱ्हेची रसायनं तयार व्हायची, आणि सगळ्या भट्ट्या कोळशावर. आता कंपनीने ठरवलं होतं की कोळसा कमी करायचा, शेण, लीद, उसाचं पाचट यांतून गॅस काढायचा, आणि ज्या गावातून माल उचलायचा त्या गावाला काहीतरी परत द्यायचं. पहिली टाकी शेजारच्याच सारंगखेड्याला बांधली, कारण घोड्यांच्या जत्रेत लीद म्हणाल तेवढी. जत्रेच्या पहिल्या दिवशी सगळ्या घोडेवाल्यांचा चहा आणि खिचडी त्या गॅसवर शिजणार होती. कलेक्टर येणार, कंपनीचे मोठे साहेब येणार. जाळ लागला तर शहादा तालुक्यात अशा आठ टाक्या बांधायच्या आणि धर्मेंद्रने इथेच राहायचं. नाही लागला तर सामान गुंडाळायचं आणि धर्मेंद्रने परत समुद्राकडे जायचं. तिकडे सात वर्षं काढून पोरगा वर्षभरापूर्वी घरी आला होता.

जत्रेला बारा दिवस उरले होते.

तशी आसपासच्या तबेल्यांतली लीद टाकीत पडल्यावर पाचव्या दिवशीच वरचा रबरी फुगा टम्म झाला होता. गावाने टाळ्या वाजवल्या, कोणीतरी नारळ फोडला. पण शेगडीला काडी लावली की फुस्स. गॅस होता, पण तो जळत नव्हता. मग धर्मेंद्रने आणखी लीद घातली. त्यानंतर आणखी.

निर्मलाबाई टाकीच्या झाकणाशी वाकल्या, एकदा हुंगलं आणि सरळ झाल्या.

"अजीर्ण व्हयेल शे हिले. पोट बिघडेल पोऱ्याले तू घास भरावस."

"माय, पीएच कमी व्हयेल शे, पाच पॉइंट आठ. पुण्याहून कल्चरचे ड्रम मागाडेल शेतस, आठ दिवसमा येतीन."

"आन तवलोंग?"

"माय, ही कंपनीनी टाकी शे. आपली गोबर गॅस नही."

यावर निर्मलाबाईंनी पिवळं टोपलं काढून उखाच्या हातात दिलं आणि त्या घरी आल्या.

घरामागची गोबर गॅस त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने, हिलाल पाटलांनी, बांधली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. त्याला आता चौतीस वर्षं झाली होती. हिलाल पाटील गेले, गावातल्या बाकीच्या टाक्यांत बाभळी उगवल्या, घरोघर सिलेंडर आले; निर्मलाबाईंच्या शेगडीचा निळा जाळ मात्र एक दिवस चुकला नव्हता. सून काजल माहेरी कळसाडीला गेली की तिथल्या बाया विचारायच्या, "तुन्ही सासू अजून शेणवरच सयपाक करस का?" निर्मलाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण त्या टाकीचं पोट त्यांना डॉक्टरसारखं कळायचं. अगदी सुरुवातीला, पहिला जाळ लागायच्या आधी, एकदा ती आंबली होती. तेव्हा मिस्त्रीने चुन्याची निवळी ओतायला लावली होती आणि धानोऱ्याच्या एका चालू टाकीतून शेणकाला, म्हणजे आतलं मुरलेलं शेणपाणी, आणून मिसळला होता. दुधाला लागतं तसं यालाही विरजण लागतं, हे तेव्हा त्यांना समजलं ते कायमचं.

पण मुलाने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. एवढा मान त्यांना पाहिजेच होता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काजल चहा घेऊन ओसरीवर आली आणि उगाच बशी पुसत उभी राहिली.

"आई, आपली टाकीमातून शेणकाला कितला निघी?"

"कोण विचारस?"

"ते... असंच."

दाराआडून काळ्या बुटाचं टोक दिसत होतं.

"त्या बूटले सांग, तोंडले पाठव."

काजल हसू दाबत आत पळाली. धर्मेंद्र बाहेर आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. पायरीवर बसला.

"माय, टाकी नासी गई. मन्हा हातनी नासी गई. नऊ दिवस ऱ्हायनात. काय करू?"

निर्मलाबाईंनी चहा संपवला, कप उपडा घातला आणि मगच बोलल्या.

"आजपासून टाकीमा एक घमेलं लीद टाकानी नही. तिसरा हिस्सा आंबेल माल काढी टाक. चुना मागाड. विरजण मी देस."

"कितलं?"

"बठं. पुरी टाकी."

काजलने दारातूनच विचारलं, "मंग आपला सयपाक?"

"चुला कसाले शे?" आणि लगेच मुलाकडे वळून, "एक गोट अजून. गॅस निंघना का जो काला बाहेर पडी, तो हिरीबाईना बायास्ना. दरसाल जत्रामा लीद त्याच गोळा करतस, वावरले खत देतस. आवंदा ती कंपनीनी उचली."

"माय, प्लॅनमा ते खत कंपनी विकाव शे."

"मंग प्लॅनमाच विरजण लाय."

धर्मेंद्रने साहेबांना फोन लावला. पहिल्या फोनला साहेब म्हणाले बघू. दुसऱ्याला म्हणाले लेखी पाठवा. तिसऱ्या फोनला धर्मेंद्र अंगणात येरझाऱ्या घालत जवळजवळ ओरडला, "सर, गावाला परत द्यायचं असं आपणच गेटवरच्या बोर्डवर लिहिलंय! मग हे काय आहे?" तासाभराने मोबाईलवर होकार आला. निर्मलाबाईंनी तो काजलकडून दोनदा वाचून घेतला.

मग जी धावपळ उडाली! शेजारचा पोरगा भिला ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडून घेऊन आला. हिरीबाईच्या बाया ओळीने उभ्या राहिल्या आणि बादल्या हातोहात सरकू लागल्या. दुपारपर्यंत घरामागच्या टाकीवरची लोखंडी टोपी खाली खाली बसत तळाला टेकली. निर्मलाबाईंनी आत जाऊन शेगडीची चावी बंद केली. मागे वळून पाहिलं नाही.

"टँकरवर गोधड्या टाका!" त्या ओरडल्या.

"गोधड्या?" भिला म्हणाला. "आजी, यामा नवरी शे का?"

"जित्ता माल शे, भाड्या! थंडी वाजनी तर मरी जाई. चाल, हळू चालाड!"

चार गोधड्या पांघरलेला टँकर सारंगखेड्याच्या रस्त्याने निघाला, मागे बाया, त्यांच्यामागे नुकतेच आलेले दोन घोडेवाले, हे काय नवीन म्हणून बघत. गेटवर उखाने पिवळं टोपलं पुढे केलं. निर्मलाबाईंनी ते लगेच घातलं. आज वाद घालायला वेळ नव्हता. शेणकाला टाकीत पडला, चुन्याची निवळी पडली, टाकीभोवती उसाच्या पाचटाचा हातभर थर रचला, वरून काळं प्लास्टिक.

आणि मग वाट पाहणं. रोज सकाळी धर्मेंद्र मीटर बुडवायचा आणि हिरीबाई नाक लावायची.

"सहा पॉइंट दोन," तो म्हणायचा.

"अजून आंबट," ती म्हणायची.

"सहा पॉइंट सहा."

"कमी व्हयना, भाऊ. शेणना वास यी ऱ्हायना."

घोडेवाल्यांत पैजा लागल्या. घरी निर्मलाबाई चुलीसमोर बसून डोळे पुसत भाकरी थापायच्या आणि काजलने काही म्हणायच्या आत सांगायच्या, "धूर नही, कांदा शे." पाचव्या दिवशी पुण्याचे कल्चरचे, म्हणजे तयार विरजणाचे, ड्रम आले, निळे, चकचकीत, मोहोरबंद. धर्मेंद्रने ते भिंतीशी उभे करून ठेवले. सहाव्या दिवशी काडी लावली तर पिवळा जाळ लागला आणि सातपर्यंत मोजेस्तोवर टिकला. बायांनी असा कल्ला केला की बांधलेली एक घोडी दोर तोडून पळाली. आठव्या दिवशी जाळ लागला, पण उडून विझला. निर्मलाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या.

जत्रेचा दिवस. दत्ताच्या देवळात घंटा वाजत होती, मैदानात हजार घोडे खिंकाळत होते. टाकीपुढे मंडप, खिचडीचं हे भलं मोठं पातेलं, पुढे कलेक्टर, साहेब, फोटोवाले. धर्मेंद्रने चावी फिरवली. काडी पेटली.

भप्प! निळा जाळ पातेल्याच्या बुडाला चिकटला आणि तिथेच राहिला. सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं. सात झाले, वीस झाले, पन्नास झाले. मग मैदानच ओरडलं. हिरीबाईने निर्मलाबाईंना कमरेला धरून गरकन फिरवलं, आणि पाटलीणबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत फिरवू दिलं.

मोठे साहेब खूश होऊन निळ्या ड्रमांशी जाऊन उभे राहिले. "हेच ना ते कल्चर? या, इथेच फोटो घेऊ!"

फोटोवाले सरसावले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. धर्मेंद्रने एकदा ड्रमांकडे पाहिलं, एकदा बायांच्या घोळक्याकडे.

"नाही सर," तो म्हणाला, आणि हातातला माईक चालू होता. "ते ड्रम अजून उघडलेसुद्धा नाहीत. लीद मी जास्त घातली, टाकी मी नासवली. वास हिरीबाईंनी ओळखला. आणि विरजण माझ्या मायचं. तिने आपली चौतीस वर्षांची टाकी आमच्यासाठी रिकामी केली."

मग साहेब हसले, टाळ्या वाजवत म्हणाले, "आठही टाक्या हाच माणूस बांधेल. कुठे आहेत तुमच्या आई?"

निर्मलाबाई गर्दीतून पुढे आल्या. पदर सारखा केला, साहेबांना लांबूनच नमस्कार केला आणि मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. माईक त्याच्या हातात तसाच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मैदानाच्या टोकापर्यंत गेलं.

"धरम्या, खरं बोलना, बरं करं. पण ऐक. टाकी तुन्हापेक्षा हुशार निंघनी. नासाले लागनी तशी वास दीसन सांगं तिनी. तुले तोंड उघडाले जत्रा तोंडवर येवा लागनी. आते आठ गावस्मा जाशी, तर पहिले तठली बाईले विचार. मंग सिमेंट उतार."