आठ दिवसांचा सेल

तळहातावरचा सेल लाल होता. बोटाएवढा, डोक्यावर पितळी टिकली, अंगावर कुठे ओरखडा नाही... आणि प्रेमाबाई तर निळा शोधत होत्या. निळा, गळका, बुडाशी पांढरी भुकटी धरलेला निघणार म्हणून त्यांनी शेजारी कोरडं फडकं आणि चिमूटभर खायचा सोडा काढून ठेवला होता. प्रेमाबाईंनी सेल पदराने पुसला, जसा काही लाल रंग निघूनच येणार होता, आणि पुन्हा पाहिला. लालच.

यजमानांच्या, हुकूमचंदशेठजींच्या, कानाचं मशीन दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून आलं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी बंडीच्या खिशात, तिथून एक तार वर, तारेच्या टोकाला कानात बसणारी गुंडी. कान शेठजींचा, पण डबीचं हवं-नको सगळं प्रेमाबाईंकडे. रात्री सेल बाहेर काढायचा. चुलीजवळ ठेवायचा नाही. संपलेला विस्तवात टाकायचा नाही — शेजारच्या अंगुरीबाईंनी बंबात टाकला होता, तो फाटकन फुटला आणि चार दिवस त्यांच्या न्हाणीतल्या फटींमधून राख निघत होती. आणि मेलेला सेल आत विसरायचा तर मुळीच नाही, तो गळतो, मशीनच्या तारा खातो. सेल कधी बदलायचा हे मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. गुंडी आपल्या कानात घालायची आणि अंगणातला लिंब ऐकायचा. नव्या सेलवर एकेक पान वेगळं वाजतं. आठवड्याने पानं एकमेकांत मिसळतात, नुसती सळसळ उरते. पुढे पुढे तीही दूर जाते, पाण्याच्या पाटापलीकडून कुणी सूप पाखडावं तशी, आणि मग बदलायचा. इतकी वर्षं या अंगणात काढली, पण लिंबाला इतके आवाज आहेत हे त्यांना त्या गुंडीतूनच कळलं.

पर्युषणाच्या आठ दिवसांतल्या पहिल्याच सकाळी निळा सेल मेला. रिसोडात चार दुकानं हिंडूनही दुसरा मिळाला नाही. मग उपास, प्रवचनं, पाहुणे, त्या गर्दीत स्वतःचाच नियम त्या विसरल्या आणि मेलेला सेल तसाच आत राहिला. काल शेवटचा दिवस, संवत्सरी झाली. आज पारणं आटोपलं, हुकूमचंद आंघोळीला गेले, आणि खुंटीवरच्या बंडीकडे पाहताना त्यांना एकदम आठवलं... गळला असेल. म्हणून तर डबी उघडली.

इंदरचंद, धाकटे दीर, पहिल्याच दिवशी, दुपारच्या आत, वाशिमहून आले होते. त्यांनीच आणला असेल. पण मग सांगितलं का नाही?

एक आशा होती. सेल काल रात्रीच घातला असेल, किंवा आज सकाळी. प्रेमाबाईंनी तो डबीत बसवला, चाक फिरवलं, गुंडी कानात घातली आणि डोळे मिटले. वारा आला. लिंब वाजला... सळसळ. भरपूर, मऊ, पण सळसळच. पान वेगळं निघेना. त्यांनी श्वास रोखून पुन्हा ऐकलं, कारण इथे आपण चुकलो तर किती बरं होईल असं त्यांना वाटत होतं. पण सेलचं वय ओळखायला त्या कधी चुकल्या नव्हत्या. आठ दिवस.

आठ दुपारी.

दुपारी जेवण झालं की हुकूमचंद गुंडी काढून ठेवत. घरच्यांपुढे कशाला सेल जाळायचा, दुकानात गिऱ्हाइकापुढे लागतो. ही काटकसर प्रेमाबाईंनीच शिकवलेली. ते झोपाळ्यावर, त्या खाली सुपारी कातरत. आणि अशाच एका दुपारी, आवाज न चढवता, त्या बोलायला लागल्या होत्या. काय बोलत? काहीही. भाजी, माहेर, स्वप्नं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांची वाक्यं शेवटापर्यंत जात होती. कारण कान होते तोवर हुकूमचंद अर्ध्यातच वाक्य हातात घेत आणि पुरं करून टाकत. माणूस वाईट नाही, घाई भारी. एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं बाई? बाईंनी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "पोटात दुखते तिच्या." दुखत होतं बरगडीत. तीन महिने पोटाची पूड खाल्ली त्यांनी, निमूटपणे. आता आठवून हसू येतं... नाही, येत नाही.

या आठ दिवसांत गुंडी दुपारीही हुकूमचंदांच्या कानातच होती. सेलच मेलेला, तर असो कानात, राहिली असेल सवयीने, असं त्या समजल्या. आणि चौथ्या की पाचव्या दुपारी, अडकित्ता हातात तसाच धरून, म्हणाल्या होत्या — शब्द न् शब्द आठवतो — "तुमचे कान गेले ना, तवा मले बरं वाटलं. वाईटबी वाटलं. पन आधी बरं वाटलं." हुकूमचंदांचा झोपाळा थांबला होता. डुलकी लागली वाटतं, असं म्हणून त्या आत गेल्या होत्या.

आणि काल... काल ते समोर आले, हात जोडले, "खमतखामणा" म्हणाले. दरवर्षी म्हणतात, वर्षभराची माफी एका शब्दात मागून पुढच्या घरी जायच्या घाईने. काल सावकाश म्हणाले आणि उभेच राहिले. प्रेमाबाईंनीही हात जोडले, ओठ हलवले, आणि हसऱ्या चेहऱ्याने, हळूच म्हणाल्या, "यंदा नाई जमत मले." हुकूमचंदांनी मान डोलावली. बहिऱ्या माणसाने अंदाजाने डोलवावी तशी. तशीच ना?

"भाजी घ्या वो बाई!" दारात आवडाबाई माळीण टोपली उतरवत होती. आठ दिवस हिरवं वर्ज्य, म्हणून ती फिरकली नव्हती. प्रेमाबाईंनी गुंडी घाईघाईने कानातून ओढली, काही चोरताना सापडल्यासारखी.

"पालक देऊ का मेथी? शेठजीले मेथी आवडते म्हनत होते."

"तुले कवा म्हनले?"

"परवा रस्त्यात भेटले ना. मी म्हनलं, राम राम. तर मले म्हनते, परवापासून मेथी आनजो. लई चांगलं आयकू येऊन राह्यलं आता त्यायले. तुमाले सुखच झालं."

"हो," प्रेमाबाई म्हणाल्या. "दे मेथी."

जुडी हातात आली, थंड, ओली. लाज वाटली, ती अशी की कानशिलं तापली. मग राग... एवढं सगळं चोरून ऐकलं! आणि रागाच्या खाली, मेथीच्या मुळांना माती असावी तसं, आणखी काहीतरी होतं. आठ दुपारी हा माणूस मधे बोलला नाही. एकदाही नाही. एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते त्याने बहिरेपणाचं सोंग घेऊन साधलं, की... की काय, हे त्यांना पुरतं म्हणवेना.

हुकूमचंद आंघोळ करून आले. बंडी घातली, खिसा चाचपला. डबी पाटावर होती, शेजारी फडकं आणि सोडा. त्यांनी ते पाहिलं. मग प्रेमाबाईंकडे पाहिलं. दुकानाची वेळ होत आली होती, तरी ते डबी घेऊन झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी गुंडी कानात घातली. चाक फिरल्याचा बारीक आवाज आला.

आता निळा सेल नव्हता. आता जे बोलायचं ते ऐकलंच जाणार होतं.

"आयकलं का," प्रेमाबाई म्हणाल्या. ही हाक त्यांचे कान गेल्यापासून मारली नव्हती. नुसता खांद्याला हात लावत.

"हं."

इतक्या दुपारींचा तो ओघ, पण ऐकणारा कान समोर येताच आटला. त्यांनी मेथी निवडायला घेतली. एक काडी, दुसरी काडी.

"तवा डाक्टरापाशी... मले पोटात..."

हुकूमचंदांचं तोंड उघडलं. सवयच ती. त्या थांबल्या, वाक्य त्यांच्या हाती जाणार म्हणून. पण ते तोंड हळूहळू मिटलं. हात डबीवर होता, आणि कपाळावर घाम की आंघोळीचं पाणी ते कळत नव्हतं. घाबरले होते ते. हा माणूसही घाबरतो, हे प्रेमाबाई पहिल्यांदा पाहत होत्या.

लिंब वाजला. त्यांनाही ऐकू आला असेल, सळसळ, पानं मिसळलेली. वाक्य अर्धंच होतं, पुरं करायला कोणी येत नव्हतं, आणि त्याची घाईही कोणाला नव्हती. सेल जळत होता. प्रेमाबाईंनी मेथीची आणखी एक काडी उचलली. सेलची काटकसर करावी असं त्यांना आज वाटेना.