पृष्ठे ४१ ते ५२

सत्यशीला मस्के गेवराईतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. जानेवारीतल्या एका दुपारी, वाचनकक्ष रिकामा असताना, त्यांना ईमेल आला. परभणीच्या वैष्णवी नावाच्या संशोधक विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘आदरणीय मॅडम, आपला २०११ सालचा “तलवाडा परिसरातील शेतांची नावे” हा लेख कुठेच मिळत नाही. माझ्या प्रबंधासाठी तो फार महत्त्वाचा आहे. कृपया प्रत पाठवावी.’ खाली एका बंद पडलेल्या त्रैमासिकाचं नाव, अंक आणि पृष्ठे ४१ ते ५२. शिवाय तिचा फोन नंबर.

सत्यशीलाबाईंनी ते तीनदा वाचलं. असा लेख त्यांनी लिहिलाच नव्हता.

लिहायचा मात्र होता. पंधरा वर्षांपूर्वी पीएचडीला नाव घातलं तेव्हा विषय हाच होता. सातबाऱ्यावर शेताला नुसता गट नंबर असतो, पण गावात प्रत्येक तुकड्याला नाव असतं. ती नावं गोळा करायला त्या दोन उन्हाळे एसटीनं तलवाड्याला जात राहिल्या. मग आईला अर्धांगवायू झाला. भाऊ पुण्याला. आठ वर्षं आईचं सगळं अंथरुणात, यांच्याच हातांनी. आई गेली तोवर नोंदणी रद्द झाली होती आणि घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं.

तरी त्यांनी शोध घेतला. कोण जाणे, त्या धावपळीत एखादं टिपण कुणाला दिलं असेल आणि त्यानं ते छापलं असेल. दरवर्षी नव्या मुलांना त्या सांगत, की इंटरनेटवर सापडलेला संदर्भ मूळ जागी जाऊन बघितल्याशिवाय वापरायचा नाही. यंदा ऐकायला चार मुलं आली होती, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. आता त्याच पद्धतीनं त्या स्वतःला शोधत होत्या. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर नाव नव्हतं. दोन दिवसांनी त्या त्रैमासिकाचे स्कॅन केलेले अंक एका संग्रहात मिळाले. तो अंक खरा होता. पान ४१ ते ५२ वर कोकणातल्या होळीच्या सोंगांवर कुणा दुसऱ्याचाच लेख होता.

शेवटी एक जुनी पीडीएफ उघडली, नोंदणी रद्द झालेल्या विद्यार्थ्यांची. त्यात त्यांचं नाव आणि विषय होता. महाविद्यालयाचं संकेतस्थळ सोडलं, तर अख्ख्या इंटरनेटवर त्यांचं नाव तेवढ्या एका ओळीत होतं.

त्यांनी वैष्णवीला फोन लावला.

“हा संदर्भ तुला कुठं मिळाला?”

“एआयला विचारलं मॅडम. त्यानं नऊ लेख दिले. सहा सापडले. दोन न्हाई सापडले, अन् तुमचा.”

“त्या दोन लेखांच्या मागं लागू नकोस. आणि माझा लेख नाही. मी तो लिहिलेला नाही.”

“पण नाव तुमचंच हाय की. विषयबी तुमचाच.”

“विषय माझा. लेख नाही.”

 वैष्णवी बारीक आवाजात म्हणाली, “मी चार ठिकाणी वापरलाय मॅडम.”

“न वाचता?”

“त्यानं सारांश दिलता.”

“वाच बघू.”

वैष्णवीनं वाचला. एकशे बारा नावं, त्यांचे पाच गट, प्रत्येकाला कारण. ऐकताना सत्यशीलाबाईंना वाटलं, लेख चांगला आहे. आपल्याला एवढा नेटका जमला नसता.

“काढून टाक,” त्या म्हणाल्या. “चारही ठिकाणचा. माझ्याजवळ वही आहे. त्यात सदतीसच नावं आहेत, पण कुणी सांगितली ते लिहिलंय. तपासून पाठवते.”

रविवारी त्या तलवाड्याला गेल्या. बहुतेक नावं सांगणारे उत्तरेश्वर चार वर्षांपूर्वी वारले होते. दारात त्यांची बायको सुंदरबाई शेळीला पाला घालत बसली होती. आळीतल्या बहुतेक घरांना कुलपं होती.

“पोरं, सुना समदी उसाला गेलीत,” सुंदरबाई म्हणाली. “पाडव्यापस्तोर मी अन् ही शेळी. तू कावून आलीस माय?”

“शेतांची नावं विचारायला.”

“नावं? त्यासाठी गेवराईवरून?” म्हातारी हसली, पण सरकून बसायला जागा दिली.

सत्यशीलाबाई वहीतून एकेक नाव वाचत गेल्या. ‘मोरदरा’ म्हणताच सुंदरबाईनं हात वर केला.

“मोर कुठला? मोहाची झाडं हुती तिथं. मोहदरा. आमच्या मालकाला दात नव्हते, तुला नीट ऐकू आलं नसंल.”

सत्यशीलाबाईंनी त्या काळी मोरावर दीड पान लिहिलं होतं. त्यांनी ते सगळं सुंदरबाईसमोरच खोडलं. पुढं ‘सवतीचं’ आलं.

“हाय तसंच. पर कुणाची सवत ते म्या सांगणार न्हाई. त्यांची नातवंडं हायत गावात.”

निघताना सुंदरबाईनं विचारलं, “तुझ्या घरी कोण हाय?”

“कोणी नाही.”

“मंग घाई कशाची?”

त्या शेवटच्या गाडीनं परतल्या. दोन संध्याकाळ बसून त्यांनी सगळं टाइप केलं. प्रत्येक नावापुढं सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घातली. जे एकाच माणसानं सांगितलं तिथं तसंच लिहिलं, आणि वैष्णवीला पाठवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. ‘मॅडम, खूप आभार. पण सर म्हणाले, छापील संदर्भच चालतील. म्हणून शेतांच्या नावांचा भागच काढला. क्षमस्व.’

मुलीनं खोटं काढलं होतं, त्याबरोबर खरंही गेलं होतं. सरांचं अगदीच चूक नव्हतं, हे त्यांना कळत होतं. तरी जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. वाचनकक्षातले दिवे पाचऐवजी चारलाच मालवले.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा तलवाड्याला गेल्या. सुंदरबाईनं पलीकडच्या आळीतल्या कौशल्याबाईला बोलावून ठेवलं होतं. ओढ्याकाठच्या एका पट्टीवरून दोघी म्हाताऱ्यांचं चांगलंच जुंपलं. एक म्हणे गाळवट, दुसरी म्हणे जोगणीचं. कुणी माघार घेईना. सत्यशीलाबाईंनी दोन्ही नावं लिहिली, दोघींची नावं लिहिली आणि विचारलं, “त्याच्या वरच्या शेताचं काय?”