बागेकडची खोली

डॉक्टरीणबाईंनी तापाचा आकडा पाहिला आणि कालचाच प्रश्न पुन्हा विचारला.

“काका, परदेशात रानात, गवतात कुठे गेला होता? जनावरांजवळ?”

यजमानांनी डोळे मिटून घेतले. उत्तर बायकोने दिलं.

“छे हो! मुलाच्या घरी होते. बागेकडची स्वतंत्र खोली दिली होती त्यांना. पायाला माती लागली असेल तर शपथ!”

शेजारणींना सांगून सांगून हे वाक्य तिच्या तोंडात गुळगुळीत झालं होतं. गुडघे धड नाहीत म्हणून ती मागे राहिली होती. तिच्या वाट्याचं कौतुकही तेच करून घेऊन आले, अशी तिची समजूत.

ताप मात्र हटत नव्हता. औषधं बदलून झाली. आता यजमान मधूनच बरळू लागले होते. कारण सापडलं नाही तर अवघड आहे, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

अंग पुसायला आलेल्या नर्सने त्यांना कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला.

“मॅडम, हे बघा.”

कमरेच्या नाडीखाली डाळीएवढी काळी खपली होती. भोवती लाली.

“गोचीड चावलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याचं औषध वेगळं. काका, आता तरी खरं सांगा.”

यजमान भिंतीकडे बघत राहिले.

“खोली कुत्र्याची होती,” ते म्हणाले. “मंडळी सहलीला गेली. त्याला टेकडीवर मीच न्यायचो. तो एकटा राहत नाही ना... म्हणून तर तिकीट धाडलं होतं.”

बायकोने सुरकुती नसलेली चादर पुन्हा सारखी केली.

नर्स नवी बाटली लावत असताना मुलाचा फोन आला. बायको फोन घेऊन दाराबाहेर गेली. काय झालं ते सांगितलं.

“गोचीड? बाप रे! आई, मग त्यालाही दाखवायला हवं गं. मुलं सारखी त्याच्या अंगाशी असतात.”

“दाखव,” ती म्हणाली. “आजच दाखव. मुकं जनावर ते, सांगणार कसं?”

ती आत आली.

“कोण होतं?”

“तुमचा लेक. फार काळजीत होता.”

यजमानांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. कुणाच्या काळजीत, ते विचारलं नाही.