एका हाताने अंडं

"बाबा, खरं सांगा, हात कोणाचे छान? माझे की ताईचे?"

प्रश्न चिंगीचा नव्हता. तिच्या तीन मैत्रिणींचा होता. चिंगी हे विचारायला घाबरेल, अशी त्यांनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती. चिंगी आणि घाबरणार? गेल्याच महिन्यात वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या मुलांची बोलती बंद केली होती. शाळा सुटताच तिघींना दाराआड उभं करून ती बाबांच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात घुसली आणि विचारून मोकळी झाली.

बाबांनी सूप ढवळणं थांबवलं नाही. "कामाला की दाखवायला?"

"दाखवायला."

"मग ताईचे."

दाराआड कोणीतरी फिस्सकन हसलं. पैज जिंकली, पण चिंगीचं तोंड मात्र एवढंसं झालं.

ताई म्हणजे मामेबहीण. बारावी संपवून राहायला आली आणि महिन्याभरात रेस्टॉरंटच्या व्हिडिओंमध्ये तिचे हात झळकू लागले. नुसते हात. दुपारची गर्दी ओसरली की खिडकीजवळच्या टेबलावर शेगडी मांडायची, चिंगीने बाटल्यांच्या क्रेटवर चढून फोन धरायचा आणि खाली ताईने दोन हातांत दोन अंडी घेऊन टचकन फोडायची. वाटीत टरफलाचा कण पडेल तर शपथ! वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटली की पुसायची चिंगीने. आणि लोक लिहायचे काय, तर 'अंगठ्यावरची ती भाजल्याची खूणसुद्धा किती गोड'. म्हणे गोड! चिंगीच्या बोटावरही शाईचा डाग होता, तो आजवर कोणाला गोड वाटला नव्हता. फोन कोण धरतं, हे तर एकानेही विचारलं नव्हतं.

त्यात आईने वेगळाच पेच टाकलेला. ताईला इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळत होता. "वर्षभर तुझ्या खोलीत राहील. चालेल ना? शनिवारपर्यंत सांग. नाहीतर रविवारचं तिचं तिकीट आहेच."

"सांगते," म्हणून चिंगीने दिवस ढकलले होते. आधी हात, मग खोली. हल्ली चिंगीला बोलवायचं असलं तरी आईच्या तोंडून आधी ताईचीच हाक निघायची. आणखी काय काय द्यायचं हिला?

आठवडाभर ती गुपचूप सराव करत होती. रोज न्याहारीला अंडीच का, हे घरात फक्त बाबांना कळलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने जाहीर केलं, "आज हात माझे." भांडायची तयारी जय्यत होती. मुद्दे वहीत लिहून ठेवले होते.

"दे फोन," म्हणत ताई क्रेटवर चढलीसुद्धा.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पहिलं अंडं झकास फुटलं. दुसऱ्याच्या टरफलाचा कण वाटीत पडला. चिंगी बोटाने त्याच्या मागे लागली. तो निसटला, ती पुन्हा मागे. "ये ना रे बाबा, ये," ती पुटपुटली आणि अखेर तो कण पदक मिळाल्यासारखा उंच धरला.

"तेवढं काप हं, ताई."

"बरं," ताई म्हणाली, आणि कापलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओने आधीचे सगळे मागे टाकले. 'हे नवे हात कोणाचे? रोज दाखवा.' चिंगी हवेतच. तेवढ्यात खालची ओळ दिसली. 'आज फोन कोणी धरलाय? इतकं जवळून कधी दिसलं नव्हतं.'

तिने व्हिडिओ पुन्हा पाहिला. ताई क्रेटवरून उतरून फोन थेट वाटीच्या काठाशी घेऊन गेली होती. इवलासा कण डोंगराएवढा दिसत होता, निसटला की काळजात धस्स व्हावं असा. महिनाभर फोन धरून चिंगीला हे सुचलं नव्हतं. म्हणजे हेही हिलाच जमतं.

ती खोलीत गेली. ताई बॅग भरत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. चिंगी आठवडाभर गप्प आहे, यातूनच ती काय ते समजली होती.

"अंडं फोडताना मनगट सैल सोड," ताई कपड्यांची घडी घालत म्हणाली. "तू भांडायला निघाल्यासारखं धरतेस."

जाता जाताही शिकवतेय. चिंगी दारातच उभी राहिली. सोमवारपासून टेबल मोकळं, शेगडी मोकळी, हात आपसूक तिचेच. कोणी विचारलं तर बाबा म्हणणार, दुसरी आहे कोण? आणि ताई तिकडे लांब, न हरता बसलेली.

ती तडक खाली रेस्टॉरंटमध्ये आली. आई ग्लास पुसत होती, बाबा टेबलं मांडत होते.

"मी ठरवलंय," चिंगी म्हणाली. "ताई कुठेही जात नाहीये. तिकीट रद्द करा. कपाटाचे खालचे दोन कप्पे तिचे, खिडकीकडची बाजू माझी, त्यावर चर्चा नाही. एक दिवस हात तिचे, एक दिवस माझे. आणि बाबा, माझी वार्षिक परीक्षा झाली की तोच प्रश्न मी तुम्हाला पुन्हा विचारणार आहे. तोवर तिला इथून हलू द्यायचं नाही."