मुहूर्ताचा अर्ज

सत्याहत्तरच्या दसऱ्याला नवसाबाईचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि कशापायी, तर कांद्याची पात छाटायच्या एका मशीनपायी!

तिचा नवरा कोंडाजी लोहार. पंचवटीत गल्लीच्या तोंडाशी दुकान, मागं घर. दोन वर्षं खपून त्यानं हे मशीन घडवलं होतं. हँडल फिरवलं की दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरत, कांद्याची पात खाली ओढत, सुरी ती छाटी आणि कांदा ओरखडाही न पडता टोपलीत. वकिलानं पेटंटचा अर्ज लिहून दिला आणि बजावलं, "मेस्त्री, मुंबईच्या ऑफिसात अर्ज दाखल होईस्तोवर हे कुणाच्या नजरेला पडू देऊ नका. आधी चारचौघांनी पाहिलं, तर हक्क गेला म्हणून समजा. दुसऱ्यानं आधी अर्ज टाकला, तरी गेलाच."

झालं! त्या दिवसापासून कोंडाजी दूधवाला आला तरी मशीनवर पोतं टाकी. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं दारातून चहा पाजून वाटेला लावलं.

अर्ज द्यायचा तर साडेतीन मुहूर्तांतल्या एकावर, हा त्याचाच हट्ट. म्हणून दसऱ्याला सकाळच्या पंचवटी गाडीनं तो मुंबईला गेला.

नवसाबाईनं घण, ऐरण, सांडशी सगळं धुऊन उंबऱ्याशी मांडलं, झेंडू वाहिले. मशीन तेवढं आत. आणि न पुजलेलं हत्यार रक्त मागतं, हे ती माहेरून शिकून आलेली. त्या सुरीखाली नवऱ्याची बोटं रोज जात होती.

पण बाई काही वेडी नव्हती. ऑफिस दहाला उघडणार, बारापर्यंत अर्ज आत गेलाच पाहिजे. वर आणखी एक तास तिनं जाऊ दिला. घड्याळात एक वाजल्यावर मगच मशीन दाराशी ओढलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

बघता बघता गल्ली जमली. "अगं, फिरवून तरी दाखव!" शेजारची धोंडाबाई म्हणाली. आता नवऱ्यानं केलेलं मिरवायचा मोह कुठल्या बाईला सुटलाय? नवसाबाईनं पाच कांद्यांची पात झरझर छाटून दाखवली, धनी अर्ज घेऊन मुंबईला गेलेत हेही सांगून टाकलं. बायकांनी तोंडात बोटं घातली.

धोंडाबाईकडं एक पाहुणा उतरला होता. खंडेराव त्याचं नाव, देवळ्याला त्याचा अवजारांचा कारखाना. तो गुडघ्यावर बसून रुळांच्या खालून बघत होता.

"वहिनी, जरा सावकाश फिरवा," तो म्हणाला. "हां. आणखी एकदा."

तिनं तीनदा फिरवलं. तो उठला, धोतर झटकलं आणि चांगलं-वाईट एक शब्द न बोलता निघून गेला. नवसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. अर्ज तर केव्हाच गेला असंल, असं म्हणत तिनं मनाची समजूत घातली.

दिवेलागणीला कोंडाजी एसटीनं परतला, तो हसतच.

"अगं, ऑफिसला कुलूप! दसऱ्याची सुट्टी! आपला भाता दसऱ्याला चालतो, म्हणून सरकारचाबी चालंल असं धरून बसलो. जाऊ दे. उद्या रविवार, परवा टाकतो. घरातल्या घरात हाय, कुणी पाह्यलंय थोडंच?"

सांगावं तरी मरण, न सांगावं तरी मरण. शेवटी भिंतीला टेकून नवसाबाईनं सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही, नुसता पांढरा पडत गेला.

"रुळाच्या खालून बघितलं त्यानं?"

"तीनदा."

तो ताडकन उठला, धोंडाबाईकडं चौकशीला निघाला आणि दारातच थबकला. विचारायला जावं, तर अर्ज अजून गेला नाही हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं होणार.

तेवढ्यात खंडेरावच दारात उभा. हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या, मेस्त्री. मुंबईला गेला होता म्हणं! लागला का अर्ज?"

नवसाबाई जन्मात खोटं बोलली नव्हती, पण तीच पुढं झाली.

"लागला की. सकाळीच."

खंडेराव तिच्याकडं बघून हसला. "आज? आज तर सरकारी ऑफिसं बंद असत्यात, वहिनी." मग कोंडाजीच्या हातावर पान ठेवून म्हणाला, "येतो. सकाळी लवकर निघायचंय."

"देवळ्याला?" कोंडाजीनं कसंबसं विचारलं.

"नाय. मुंबईला."

तो गेला. कोंडाजीनं अर्जाची अजून न उघडलेली पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली.

"मी आत्ताच निघतो. गल्लीनं पाह्यलं त्याचं काय ते वकील बघंल, पण परवा ऑफिस उघडंल तेव्हा पायरीवर पहिला मी पाहिजे. दोन दिवस तिथंच बसतो."

नवसाबाई भाकरी फडक्यात बांधायला लागली. चार बांधल्या, मग थांबून आणखी चार घेतल्या.

"एवढ्या कशाला?"

"मीबी येते," ती म्हणाली. "तुमचा डोळा लागला तर?"