छत्तीस विहिरींचं पाणी

बिरदेवनं फडताळ उघडलं. बहात्तर बाटल्या धुऊन, पुसून, ओळीनं उपड्या घातल्या होत्या. चिठ्ठ्यासुद्धा खरवडून काढल्या होत्या.

त्याच्या बायकोचं, सुकन्याचं, तेरावं कालच झालं होतं. सुतक फिटलं म्हणून बायकांनी लासुर्ण्याच्या घरातली भांडीकुंडी, अंथरुणं, सगळं बाहेर काढून धुतलं होतं.

"वैनी, ह्या बाटल्यांत पाणी हुतं."

प्रयागबाई, त्याची थोरली भावजय, हात पुसत दारात आली. "व्हय. सुतकातलं पाणी घरात ठेवत्यात का, भावजी? नारळाला घातलं म्या."

तो खाली बसला.

तीस वर्षं सुकन्या पुण्याच्या प्रयोगशाळेत लेझरच्या प्रकाशात रेणू ओळखत होती. आधी ज्वाळेतले, मग धुरातले, शेवटी वाफेतले. निवृत्त होऊन गावी आली आणि तिनं विहिरी धरल्या. पाण्याची वाफ करून तिच्यातून लेझर सोडला, की पाणी किंचित जड आहे की हलकं ते कळतं. उन्हानं हलके रेणू आधी उडतात, म्हणून धरणात आटत राहिलेलं कालव्याचं पाणी जड, पावसाचं हलकं. इंदापूर-बारामतीकडच्या कुठल्या विहिरी पावसावर जगतात आणि कुठल्या कालवा बंद पडला की आटतील, एवढं तिला सांगून जायचं होतं. तीन उन्हाळ्यांचं पाणी जमवायचं आणि एकदम मोजायचं, असं ठरलं होतं. छत्तीस विहिरींचे दोन जमले होते.

त्यानं पुण्याला रेश्माला फोन लावला. ती सुकन्याची विद्यार्थिनी, आता त्याच प्रयोगशाळेत होती.

"कुणी ओतलं, काका?"

प्रयागबाई दारातच उभी होती. खाली बघत होती.

"म्याच. दहाव्याला म्हनलो हुतो, तिचं काय बी बघवत न्हाय, सगळं धुवून टाका."

तसं तो म्हणाला होता, ते खरंच होतं.

"मॅडमची वही आहे ना? मग विहिरी तरी ठाऊक आहेत. पण पहिल्यापासून करावं लागेल. आणि बाटली काठोकाठ भरायची. आत हवा राहिली तर पाणी तिच्यात उडून जड होतं, मग उपयोग नाही."

"ठाव हाय. बुडबुडा दिसला की मला परत बादली सोडाया लावायची ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली. मोरगावच्या अलीकडे दत्तोबाच्या विहिरीत पोहरा सोडला, तसा दत्तोबा बांधावरून आला.

"बाई गेल्या, बिरदेवराव. आता ह्ये कुणाला दावायचं?"

"मशिनीला."

"मशीन काय सांगंल? पाणी वलं हाय?" दत्तोबा हसला.

"तुझी हीर कवर टिकंल, त्ये सांगंल."

दत्तोबा हसायचा थांबला. त्यानं दोराला हात लावला.

तिसऱ्या दिवशी प्रयागबाई न विचारताच मागं बसली. पिशवी मांडीवर घेतली. "झाकणं तरी लावती," एवढंच म्हणाली.

लोणी देवकरच्या बाजूला विहीर खोल गेली होती. तीनदा पोहरा सोडून बाटली भरली. बिरदेवनं झाकण घट्ट केलं आणि ती पिशवीत घालायला लागला. प्रयागबाईनं ती त्याच्या हातातून घेतली, उन्हाकडं धरली, तिरपी केली.

"हाय एक. बारीक हाय," ती म्हणाली. "वता, भावजी."

त्यानं ओतली. पुन्हा दोर सोडला.

मे संपता संपता छत्तीस बाटल्या पुण्याला पोचल्या. अजून दोन उन्हाळ्यांचं पाणी भरायचं आहे. मोजणी त्यानंतर.