कासवाच्या मागे

आमच्या पळण्याच्या क्लबात टाळ्या पडतात त्या शेवटच्याला. पहिल्याला नुसतं ‘शाब्बास’. रानवाटेने, चिखल तुडवत, धापा टाकत मी सगळ्यांच्या शेवटी आले की मंडळी चहाचे कप खाली ठेवून ओरडायची, “आलं रे आलं, कासव आलं!” त्यांना वाटायचं, केवढं प्रेम करतोय आपण. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. आठवडाभर बेकरीत भट्टीपुढे उभी राहणारी बाई मी. पायांत गोळे येतात, तरी रविवार चुकवत नाही. एकदा, फक्त एकदाच, मला शेवटून दुसरं यायचं होतं.

क्लबात मला आणलं बहिणीच्या नवऱ्याने. भाऊजींकडे ‘झाडू’चं काम. म्हणजे शेवटच्या गड्याच्या मागून यायचं आणि वाट कळावी म्हणून झाडांना बांधलेल्या फिती सोडत आणायच्या. शेवटची कायम मीच, त्यामुळे भाऊजींची नजर माझ्या लाल टी-शर्टावर. “मेहुणीबाई, जरा हळू! मला दम लागला!” दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी तेच हसायचे.

माझ्या जरा पुढे असायचे घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळे. क्लबात माझी चेष्टा न करणारा हा एवढा एकच माणूस. “हरव की एकदा मला,” म्हणायचे, “पण फुकट काही मिळणार नाही हं.”

त्या रविवारी ओढा ओलांडल्यावर मी त्यांना गाठलं. चढावर आम्ही खांद्याला खांदा लावून पळालो. काका जीव तोडून पळाले, मला दया दाखवायला नाही. माथ्यावर मी पुढे निघाले तसे मागून ओरडले, “जा पोरी, जा!” वळून पाहिलं, तर झुडपाआडच्या दगडावर बसून बुटातला खडा काढत होते. त्यांनी हात हलवला. मी सुटले. एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

खाली पोचले तर तेच. “आलं कासव!” टाळ्या. आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, शेवटाची दोरी गुंडाळायला लागले.

“थांबा,” मी म्हटलं, “काका माझ्यामागे आहेत.”

सगळे खो खो हसले. “कासवाच्या मागे? अहो, तुमच्यामागे फक्त तुमचे भाऊजी असतात!”

“चढावर हरवलं मी त्यांना. खरंच.”

“हरवलंत हो, हरवलंत.” लहान मुलाची काढावी तशी डॉक्टरांनी माझी समजूत काढली. “काका परस्पर घरी गेले असतील.”

तेवढ्यात भाऊजी आले, फितींचा गुंडाळा काखेत मारून. “मागे चिटपाखरू नाही,” म्हणाले. पुढे लाल टी-शर्ट दिसत असताना झुडपाआड कशाला बघतील ते? बहिणीने माझ्या हातात चहा दिला आणि कानाशी पुटपुटली, “पुरे गं. हसं करून घेऊ नकोस.”

चहा तिथेच ओतला आणि एकटीच उलट वाटेने माथ्याकडे निघाले. माथ्यावर वाट फुटते, एक खाली मैदानाकडे, एक जुन्या दगडखाणीकडे. कुठली त्या रविवारची, ते फितीच सांगायच्या, आणि फिती तर भाऊजींच्या काखेत. हाका मारत खाणीच्या कडेला गेले तेव्हा खालून कण्हणं ऐकू आलं. मग फोन, मग पळापळ. तेव्हा कुठे यांचे चेहरे उतरले. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

काकांचं खुब्याचं हाड मोडलं. आता पळणं संपलं. आमचे अध्यक्ष डॉक्टर म्हणाले, “कोणाची चूक नाही हो, सवयीने झालं.” सवयीने! मेली तुमची सवय. भाऊजींशी मी अजून बोलत नाही. क्लबाच्या फळ्यावर निकाल लागला, त्यातही मी शेवटची. शर्यत पुरी न करणाऱ्याला धरत नाहीत म्हणे.

इस्पितळात भेटायला गेले तर काकांनी आधी तेच विचारलं. “सांगितलंस ना सगळ्यांना, मला हरवलंस ते?”

“सांगितलं, काका.”

“मग? काय केलं त्यांनी?”

“टाळ्या वाजवल्या,” मी म्हटलं.